गाडी बंद का पडली?

मिलिंद,

तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी माझा फोन वाजला आणि स्क्रीनवर आलं, 'मिलिंदने तुम्हाला ॲड केलं.' तुझा फोन सुजाताच्या हातात होता. पुण्यानुमोदनाचा निरोप सगळ्यांना द्यायचा म्हणून तिने आपला गाड्यांचा ग्रुप उघडला, त्यात मी नाही हे पाहिलं आणि चुकून राहिलं असेल असं समजून मला घातलं. मला त्यातून तूच काढलं होतंस, हे तू तिला कधी सांगितलंच नव्हतंस. मी कामावरच्या पार्किंगमध्ये बसले होते. तुझं नाव वाचलं आणि रडू आलं नाही, संताप आला. एक बटण दाबायचं होतं. ते तुला जिवंतपणी जमलं नाही आणि बायकोला ते दुःखात, नकळत करावं लागलं.

मग मी ग्रुप वाचला आणि संताप आणखी वाढला. कोणी लिहिलं होतं, मिलिंदभाऊ म्हणजे सिडनीतल्या मराठी गाड्यांचे डॉक्टर. कोणी लिहिलं होतं, भाऊंनी कधी चुकीचा सल्ला दिला नाही. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती आणि त्या रांगेत असे लोक होते ज्यांना चांगलं माहीत होतं काय झालं ते.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुझ्याबद्दल मी तू असताना तोंडावर वाईट बोलत आले, ते आता का थांबवू? आणि तुझ्याशी बोलायची मला दुसरी रीत माहीत नाही.

आपली ओळखही भांडणातच झाली. माझा इथला पहिला हिवाळा होता, माझा नवरा उदय कामासाठी पर्थला होता आणि स्कोफिल्ड्स स्टेशनबाहेर माझी जुनी गाडी चालू होईना. मी तिला शिव्या देत होते. लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून तू ट्रेनमधून उतरून चालला होतास. थांबलास आणि म्हणालास, "शिव्या इचलकरंजीकडच्या दिसतायत." मग तुझी गाडी आणलीस, जंप लीड लावल्यास आणि सांगितलंस की बॅटरी गेली. मी म्हटलं, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेलाय. माझ्या बाबांचं विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, मी मीटर हातात घेऊन मोठी झाले. तू हसलास. नंतर कळलं की दोन्ही गेलं होतं, त्यामुळे त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही.

पहिल्या रविवारी मी तुझ्या घरच्या गॅरेजमध्ये, तुम्ही गाड्या दुरुस्त करायला जमायचात तिथे, आले तेव्हा सगळे पुरुष होते. त्यातल्या विवेकने मला बघून सांगितलं, "वहिनी, सुजाताताई आत किचनमध्ये आहेत." तू गाडीखालून डोकं बाहेर काढलंस. "ती ब्रेक पॅड बदलायला आलीय. तुला येतात का?" विवेकला येत नव्हते. तू मला पाना दिलास आणि परत गाडीखाली गेलास. ते मी विसरलेले नाही. माझ्या हाताला काम येतं हे या देशात पहिल्यांदा तू मानलंस, माझ्या कंपनीच्याही आधी. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

तू तो मोठा स्कॅनर घेतलास तिथून सगळं बिघडलं. त्याआधी तू गाडी ऐकायचास. बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचास, आम्ही तुझी चेष्टा करायचो. स्कॅनर आल्यावर तू गाडीकडे बघणंच सोडलंस. स्टिअरिंगखाली प्लग लावायचा, स्क्रीनवर बिघाडाचा कोड यायचा, तू निकाल द्यायचास. लोक गाडी घेऊन रांगेने यायचे आणि तुला ते आवडायचं. मी सांगत होते की कोड फक्त एवढंच सांगतो की या सर्किटमधून तक्रार आली. सेन्सर खराब आहे की त्याची वायर तुटलीय, हे माणसानेच शोधायचं असतं. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "शैलजा, तू बस तुझं मीटर घेऊन. आम्ही पुढे गेलोय." सगळे हसले. मीही हसले, कारण तोपर्यंत त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

मग प्राचीची गाडी आली.

प्राची आणि सौरभ नवीन आले होते, तुझ्याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहत होते. ती वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्ट करायची, त्यामुळे गाडीशिवाय तिचं भागत नव्हतं. पांढरी, जुनी हॅचबॅक. मधूनच इंजिन लाइट लागायचा आणि सिग्नलला गाडी मरायची. तुझ्या स्कॅनरने सांगितलं, क्रँक सेन्सर. तू सेन्सर बदललास, गाडी आठवडाभर नीट चालली. मग परत लाइट लागला, परत तोच कोड. मी त्या रविवारी तिथेच होते. मी म्हटलं, "मिलिंद, नवा सेन्सर इतक्यात जात नाही. वायरिंग बघ. वायरांची लूम इंजिनच्या ब्रॅकेटला घासत असेल, हलवून बघ, मी मीटर धरते."

तू म्हणालास, "कोड जुनाच मेमरीत राहिला असेल. क्लिअर करतो." बटण दाबलंस, लाइट गेला. प्राची बाजूला उभी होती. तिने विचारलं, "दादा, फ्रीवेवर नेऊ ना?"

"नो वरीज," तू म्हणालास. "बिनधास्त ने."

मी तिला म्हटलं, नको नेऊस. ती तुझ्याकडे बघायला लागली. तू मान हलवलीस, म्हणजे हिच्याकडे लक्ष देऊ नकोस, अशी. ती मान मला आजही दिसते.

त्याच आठवड्यात एम-सेव्हन फ्रीवेवर, मधल्या लेनमध्ये, पाऊस पडत असताना तिची गाडी चालता चालता बंद पडली. मागून येणाऱ्या यूटला, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, थांबता आलं नाही. प्राचीच्या खांद्याचं हाड मोडलं, कंबरेला मार बसला. ती वाचली. गाडी ज्या यार्डात नेली तिथल्या माणसाने सौरभला दाखवलं, सेन्सरकडे जाणारी वायर ब्रॅकेटला घासून घासून सोलली गेली होती.

हे सौरभने तुला सांगितलं आणि मलाही सांगितलं. मी वाट बघितली. वाटलं तू ग्रुपवर लिहिशील. इतके लोक तुझ्या सल्ल्यावर गाड्या चालवत होते, त्यांना हे कळायला हवं होतं. तू लिहिलंस ते असं, 'प्राची बरी आहे. यूटवाल्याने अंतर ठेवलं नव्हतं. मित्रांनो, पावसात सेफ डिस्टन्स ठेवा.' मी खाली एकच ओळ लिहिली. 'पण गाडी बंद का पडली?'

तू ती ओळ पुसलीस. मग मला काढलंस. इतक्या वर्षांत आपण एकमेकांना काय काय बोललो होतो, मिलिंद. तू मला अडाणी म्हणालास, मी तुला मशीनचा भोंगा म्हटलं. पण तू माझं तोंड कधी बंद केलं नव्हतंस. आणि ग्रुपमधल्या एकानेही विचारलं नाही, शैलजाताई कुठे गेल्या.

त्यानंतर एकदाच आलास, आमच्या क्वेकर्स हिलच्या घरी. फोन न करता, एका दुपारी. मला वाटलं, आला. चहा टाकला. तू बसलास आणि तुझ्या मुलीच्या, प्रज्ञाच्या युनिव्हर्सिटीबद्दल बोलायला लागलास, ती घरी मराठी बोलत नाही, इंजिनिअरिंग सोडून काहीतरी भलतंच घेणार म्हणते. मी हं हं करत होते. मग तुझी नजर बाहेर गेली. माझ्या गाडीची ड्रायव्हरकडची काच तिरकी होऊन अडकायची. तू न विचारता उठलास, गाडीतून हत्यारं आणलीस, दाराचं पॅनल उतरवलंस. मी दारात उभी राहून बघत होते. काच वर-खाली करून दाखवलीस आणि म्हणालास, "झालं बघ. वायर तपासली, ठीक आहे."

वायर हा शब्द तू मुद्दाम घेतलास, मला कळलं. पण मला त्यावर भागवायचं नव्हतं. मी म्हटलं, "एवढंच?" तू हात पुसलेस. "चहा छान होता," म्हणालास आणि गेलास. मी तुला थँक्स म्हटलं नाही. आजही म्हणत नाही.

आणि मग ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत तुझं डोकं दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत तू नव्हतास. मेंदूत रक्तस्राव. उदयने मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "असं कसं, आमचं भांडण बाकी आहे." मी ते विनोदाने म्हटलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला मी येणार नव्हते. सुजातासाठी आले. हॉल भरला होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत. समोर बुद्धमूर्ती, शेजारी तुझा फोटो, तो गॅरेजमधला, हसणारा. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग लोक बोलायला उठले. मी मागच्या रांगेत खाली बघत बसले होते. बहुतेकजण तुझ्याबद्दल खरं तेच बोलले. कुणाची गाडी तू रात्रपाळीच्या आधी सुरू करून दिलीस, कुणाला गाडीच्या तपासणीच्या पिंक स्लिपसाठी बरोबर घेऊन गेलास. ते मलाही माहीत होतं.

मग विवेक उठला. आता ग्रुप तो बघणार आहे. डोळे पुसत म्हणाला, "भाऊंचा एक मंत्र होता. कोड क्लिअर, माइंड क्लिअर. आपण तो पुढे चालवू." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. कोणीतरी टाळी वाजवली.

मी उभी राहिले. मला उभं राहायचं नव्हतं, पाय आपोआप उठले. मी म्हटलं, "कोड क्लिअर केल्याने बिघाड जात नाही. प्राचीची गाडी अशीच क्लिअर करून पाठवली होती. हे मी मिलिंदला तेव्हा सांगितलं होतं आणि तो हे वाक्य पुढे चालवा म्हणाला असता असं मला वाटत नाही. म्हणाला असता तर तो चुकला असता."

विवेक म्हणाला, "ताई, ही वेळ आहे का?"

"उद्या तुमच्याकडे कोणीतरी गाडी घेऊन येईल," मी म्हटलं. "तेव्हा वेळ असेल का?"

पुढच्या रांगेत सुजाता वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. प्रज्ञा तिचा हात धरून बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी तिच्या बाबाला लाथ मारली होती. मी खरंच घाबरले. पण शब्द परत घ्यावेत असं वाटलं नाही.

तेवढ्यात प्राची उठली. ती आलीय हेही मला माहीत नव्हतं. एक खांदा अजून किंचित खाली असतो तिचा.

"शैलजाताई बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "दादांनीच मला सांगितलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ते आले, सौरभला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, प्राची, चूक माझी आहे. शैलजा वायर बघ म्हणत होती, मी ऐकलं नाही. सॉरी." पुढे म्हणाली, "आणि नंतर मी ड्राइव्ह करायचं सोडलं. मला सीटवर बसलं की रडू यायचं. लॅबमधला जॉब सुटणार होता. तेव्हापासून दादा दर शनिवारी येत होते. आधी नुसतं गाडीत बसायचो. मग गल्लीत. मग शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये. मला त्यांनी परत गाडी चालवायला शिकवली."

सुजाताच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला आणि तो मध्येच फुटला. "मला सांगायचा हार्डवेअरच्या दुकानात जातो," ती म्हणाली. "मी म्हणायची, दर शनिवारी एवढे स्क्रू कशाला लागतात या माणसाला."

सगळ्यांना बरं वाटलं. दिसत होतं. प्रज्ञा आईला धरून रडली, विवेक खाली बसला, हॉल सैलावला. तू पुन्हा मोठा झालास, आधीपेक्षाही मोठा. त्या सगळ्या माणसांत एकटी मी होते जिचा राग वाढला.

तिला सांगितलंस. मला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये प्राची माझ्यामागे धावत आली. "ताई, तुम्ही रागावलात?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला?" मी म्हटलं. "त्याने तुला माझं नाव घेऊन सांगितलं. मग माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेला, तेव्हा काय झालं होतं?"

"मी विचारलं होतं दादांना. एकदा नाही, खूपदा. ते म्हणायचे, तिला सांगितलं की ती म्हणणार, मी म्हटलं होतं. ते मला ऐकवणार नाही."

बघ. तुला माझं किती बरोबर माहीत होतं. मी म्हटलंच असतं. त्या दिवशी म्हटलं असतं, दुसऱ्या दिवशी फोन करून परत म्हटलं असतं, प्रत्येक रविवारी चारचौघांत म्हटलं असतं. तो माझा हक्क होता. तू चिडला असतास, पाना आपटला असतास, सुजाताने दोघांना गप्प करून पोहे दिले असते. एवढंच व्हायचं होतं, मिलिंद. एवढ्याला तू भ्यालास आणि माझं वर्ष खाल्लंस. जिचं हाड मोडलं तिच्यासमोर उभं राहायला भ्याला नाहीस, आणि माझ्यासमोर भ्यालास. हे मला मोठेपणाचं लक्षण वाटायला हवं का? मला नाही वाटत. सुजाताला वाटू दे, प्रज्ञाला वाटू दे. त्यांना त्याची गरज आहे.

"एम-सेव्हन राहिला," प्राची म्हणाली. "बाकी सगळे रस्ते झाले. या शनिवारी तिथे जायचं ठरलं होतं."

मी म्हटलं, मी येते. कुणासाठी म्हटलं ते मला ठाऊक नाही. तुझ्यासाठी नव्हे एवढं नक्की.

शनिवारी गेले. तिची आताची गाडीही जुनीच आहे, लाल रंगाची. निघायच्या आधी मी बॉनेट उघडलं, सवयीने. आणि तिथे तू होतास. सेन्सरकडे जाणारी सगळी लूम नव्या कापडी टेपने गुंडाळलेली, ब्रॅकेटपासून दूर घेतलेली, केबल टायने बांधलेली. टायची टोकं नखाएवढी ठेवून कापायची तुझी पद्धत. कोणत्याही स्कॅनरने सांगितलं नसतं ते काम. बोटांनी एक एक वायर चाचपल्याशिवाय होत नाही ते. मी तिथे जरा जास्त वेळ वाकून राहिले, प्राचीला वाटलं काही सापडलं. तिने विचारलं, "काही प्रॉब्लेम?"

"एक टाय फार आवळलाय," मी म्हटलं. खरंच आवळला होता. मी तो कापला आणि सैल बांधला.

ती गाडीत बसली. मी शेजारी. सनीहोल्ट रोडपर्यंत ठीक होती. एम-सेव्हनच्या रँपवर तिचे हात पांढरे पडले. आकाश स्वच्छ होतं, पण मागून ट्रक येत होते आणि ती दर क्षणाला आरशात बघत होती. मला वाटलं अशा वेळी गप्प बसावं.

"ताई, बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "दादा सारखे बोलायचे."

"काय बोलायचा?"

"तुमच्याबद्दलच. तुम्ही कधी कधी चुकलात ते."

"मी?"

"हो. तुम्ही ऑइल फिल्टरची रबरची रिंग जुनीच ठेवलीत आणि ड्राइव्हवेवर तळं झालं ते. आणि ती बॅटरी. स्टेशनबाहेरची. ते म्हणायचे आल्टरनेटर नंतर गेला, आधी बॅटरीच गेली होती."

"खोटं बोलायचा," मी म्हटलं. "आल्टरनेटर आधी गेला, म्हणून बॅटरी उतरली. ज्याला साधं एवढं कळत नाही..." आणि मी सुरू झाले. तू स्वतःच्या पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलंस ते सांगितलं. विवेकच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त केलास आणि मग वळताना तो वाजायला लागला ते सांगितलं. प्राची हसायला लागली, तिचे खांदे उतरले, एका ट्रकने आम्हाला ओलांडलं ते तिने पाहिलंही नाही. जिथे तिची गाडी बंद पडली होती ती जागा कधी गेली मला कळलं नाही, तिलाही कळलं असेल असं वाटत नाही. माझा आवाज चढला होता. तुझ्याबद्दल बोलताना चढतोच. आणि तुझ्याविरुद्ध इतकं काही सांगण्यासारखं होतं की आमची एक्झिट मागे पडली आणि आम्ही पुढेच जात राहिलो.